समुद्रावर जायचंय? खोलीआधी तिथी बघा

नाशिकच्या घरात समुद्राचा बेत ठरतो तो असा: सलग सुट्ट्या किती, खोली मिळते का, गाडीत किती जण मावतात. भरती-ओहोटीची आठवण होते किनाऱ्यावर पोचल्यावर, तीही पाणी पार लांब गेलेलं दिसलं की. घरात दोन ते आठ वर्षांची मुलं असतील तर हा क्रम उलटा करा. आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायची, मग खोलीवाल्याला फोन.

कोकणात पूर्वापार चालत आलेला हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी 3 च्या सुमारास भरती. तिथून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वानऊच्या आसपास. एकादशीला भरती सव्वाआठला, ओहोटी दुपारी अडीचला. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, गणित तेच. चंद्र रोज उशिरा उगवतो तशी भरतीही रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, त्यामुळे हा आडाखा चालतो. अर्धा-पाऊण तासाची चूक मात्र धरून चला. पौर्णिमा-अमावास्येला हिशेबाने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात भरती बाराच्या आसपास असते. बेत आखायला तिथी पुरते. पाण्यात उतरायच्या दिवशी जवळच्या बंदराचा भरतीचा तक्ता मोबाइलवर बघायचाच.

मुलांसाठी सगळ्यात चांगली वेळ म्हणजे ओहोटी पूर्ण झाल्यानंतरचे दोन-तीन तास. आपल्याकडच्या बऱ्याच किनाऱ्यांचा वरचा पट्टा उतरता असतो आणि खालचा सपाट. ओहोटीला सपाट भाग उघडा पडतो, लाटा लांबवर फुटतात आणि मुलांच्या पायापाशी येईपर्यंत त्यांचा जोर संपलेला असतो. पाणी चढतं असल्यामुळे हातातून सुटलेली बादलीही सहसा किनाऱ्याकडेच येते. पूर्ण भरतीला याच्या उलट. कोरडी वाळू चिंचोळी, उतार तीव्र, आणि लाट थेट त्या उतारावर आपटते. मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढी लाटही तीन वर्षांच्या मुलाला आडवं करते आणि परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते.

ऊन टाळायचं तर हाताशी दोनच वेळा उरतात: सकाळी 7 ते साडेनऊ, आणि साडेचार ते सूर्यास्त. हिवाळ्यात सूर्य सहा-सव्वासहालाच बुडतो. आता तिथी आणि घड्याळ जुळवा. तृतीया-चतुर्थीला सकाळी साडेआठ-नऊला ओहोटी, म्हणजे न्याहारी आटोपून निघायला उत्तम. द्वादशी-त्रयोदशीला ओहोटी दुपारी तीन-चारला, म्हणजे संध्याकाळ छान मिळते. षष्ठी ते अष्टमी संध्याकाळ भरतीत जाते. पण अष्टमी-नवमीच्या सुमारास भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. तेव्हा बेत रद्द करायची गरज नाही, वाळूतला खेळ जास्त आणि पाणी कमी एवढंच.

दिवाळीचं वेगळं सांगायला हवं, कारण नाशिककर तेव्हाच जास्त निघतात. लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे पाडवा आणि भाऊबीज हे उधाणाचे दिवस. भरती दुपारी साडेबारा-दीडला, ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सातच्या आसपास. त्यातही उधाणाचा जोर अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त असतो. या दिवसांत सकाळी साडेसात ते साडेनऊ पाण्यात जा. संध्याकाळी पाणी उतरतं असतं, तेव्हा वाळूतच खेळवा.

आता किनारा कोणता. नाशिकहून सगळ्यात जवळ डहाणू-बोर्डी, दीडशे किलोमीटरच्या आसपास; त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड असा रस्ता. हा रस्ता मुलांना दाखवण्यासारखा आहे. गोदावरी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीत उगम पावते, तिथून अरबी समुद्र जेमतेम 80 किलोमीटर, तरी ती उलटी वळून 1465 किलोमीटर धावत बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगरांतली वैतरणा मात्र सरळ पश्चिमेला उतरते. आपली गाडी वैतरणेच्या बाजूने जाते, हे सहा वर्षांच्या मुलाला नकाशावर बोट ठेवून सहज समजतं. बोर्डीचा किनारा इतका सपाट की चिमुकल्यांना यासारखी जागा नाही, पण याच सपाटपणामुळे ओहोटीला पाणी अर्धा किलोमीटरही मागे जातं आणि मध्ये चिखलट वाळू लागते. तिथे पूर्ण ओहोटीला न जाता दीड-दोन तासांनी जा. मागे सुरूची सावली आहे, घोलवडचे चिकू आहेत. पांढरी वाळू आणि निळं पाणी हवं असेल तर ते इथे नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

अलिबागकडचं नागाव अडीचशे किलोमीटरच्या आसपास. 2025 च्या जूनपासून इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाल्याने कसाऱ्याचा घाट टळतो, पण पुढे भिवंडी आणि वडखळची वाहतूक कोंडी आहेच. दिवेआगरला सात-आठ तास धरा. किनारा लांब, शांत, लहानांना चांगला, पण दोन रात्रींपेक्षा कमी मुक्कामाला तिकडे जाण्यात अर्थ नाही. काशीद देखणं आहे, पण पाणी लवकर खोल होतं आणि लाटांना जोर असतो. गणपतीपुळे आणि हरिहरेश्वरला देवदर्शन करा, किनारा बघा, मुलांना पाण्यात नेऊ नका. पुळ्याला प्रवाहाची ओढ आहे, हरिहरेश्वरला खडक. दोन्हीकडे पोहता येणारी माणसंही बुडालेली आहेत. जून ते सप्टेंबर कुठल्याच किनाऱ्यावर पाण्यात उतरायचं नाही. नारळी पौर्णिमेला समुद्र शांत होतो असं मानून ऑगस्टच्या जोडसुट्टीत जाणारे पुष्कळ. मुलांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ.

घाटात मुलांना गाडी लागते त्यावर उपाय एकच नाही. निघण्याआधी दुधाचा पेला देऊ नका, कोरडी पोळी किंवा खाकरा द्या. मोबाइल हातात नको, नजर समोरच्या रस्त्यावर हवी. उलटीचं औषध द्यायचं तर मात्रा वजनावर ठरते, आपल्या डॉक्टरांना आधी विचारा.

पहिल्यांदा समुद्र बघणारं मूल बहुतेक घाबरतं, आणि ते शहाणपणाचंच आहे. उचलून लाटेत बुडवून काढायची हौस बऱ्याच मामा-काकांना असते. ती थोपवा, नाहीतर उरलेले दोन दिवस मूल कडेवरून उतरत नाही. आधी कोरड्या वाळूत बसू द्या, मग ओल्या वाळूवर पावलांचे ठसे, मग ओहोटीत मागे उरलेल्या डबक्यात. ही डबकी कोमट, घोट्याएवढी आणि बिनलाटेची, एक ते तीन वर्षांच्या मुलांचा खरा समुद्र तोच. तिथून ते स्वतःच लाटेकडे बघायला लागतं. पाण्यात सगळ्यांची तोंडं समुद्राकडे हवीत. लाटेकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, मुलांचा तर नाहीच.

मर्यादा ठरलेली असू द्या: पाच वर्षांखालच्यांना त्यांच्या गुडघ्यापर्यंत, त्यावरच्यांना कमरेपर्यंत, आणि दोन्ही बाबतीत मोठा माणूस हात लांबवला की मूल हातात येईल इतका जवळ. आठ मोठी माणसं सोबत असताना मूल बुडतं, ते प्रत्येकाला दुसरा बघतोय असं वाटल्यामुळे. वीस-वीस मिनिटांची पाळी लावा. पाळीवरच्या माणसाचा मोबाइल दुसऱ्याकडे. बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, मान मागे, आणि आवाज नाही. नाशिकच्या सावरकर जलतरण तलावात पंचवीस मीटर पोहणाऱ्या दहा वर्षांच्या मुलालाही हाच नियम, कारण तलावाला काठ असतो आणि तळ हलत नाही.

ओढणारा प्रवाह ओळखायला शिका. दोन बाजूंना लाटा पांढऱ्या फुटताहेत आणि मध्ये एक पट्टा शांत, गडद, कधी गढूळ; मुलांसाठी हीच जागा बरी असं हमखास वाटतं. तिथूनच पाणी परत समुद्रात जात असतं. पाण्यात उतरण्याआधी पाच मिनिटं उंचावर उभं राहून असा पट्टा कुठे आहे ते बघा, आणि खाडीच्या तोंडापासून लांब राहा. कुणी सापडलंच तर किनाऱ्याकडे झगडत पोहू नये. तरंगत राहावं, हात वर करावा, आणि प्रवाह सैल पडला की किनाऱ्याला समांतर बाजूला सरकावं. काठावरच्या पोहता न येणाऱ्याने उडी न मारता दोर, चेंडू किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकावा. मदतीसाठी 112, तटरक्षक दलासाठी 1554, रुग्णवाहिकेसाठी 108.

हवेची ट्यूब, फुगवलेले बदक वगैरे घरीच ठेवा. शाळेत शिकलेले मतलई वारे इथे कामाला येतात: रात्री आणि सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, आणि ट्यूबमध्ये बसलेलं हलकं मूल त्याबरोबर सरकत जातं. दुपारनंतर खारा वारा उलटा येतो, पण तेवढ्यावर भरवसा नको. मापाचं, मांड्यांमधून पट्टा असलेलं लाइफ जॅकेट चालतं. खांद्याला धरून उचललं आणि हनुवटी आत गेली तर ते मोठं आहे.

वाळूचा किल्ला हा दिवाळीच्या किल्ल्याचाच मोकळा भाऊ. आठ वाट्या वाळूला एक वाटी पाणी, बादलीत दाबून भरायची, उलटी करून वरून दोन थापा. पाणी कमी पडलं तर कण धरत नाहीत, जास्त झालं तर बुरूज ओघळतो. जागा भरतीच्या रेषेच्या थोडी खाली निवडा, म्हणजे ओली वाळू हाताशी असते आणि शेवटी लाट येऊन किल्ला घेते, याचीही मजा मुलांना कळते. खड्डा मात्र मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल नको. कोरड्या वाळूच्या भिंती क्षणात ढासळतात, गाडलेलं मूल पटकन बाहेर काढता येत नाही. निघताना खड्डा बुजवा.

सुती टी-शर्ट भिजला की जड होतो, वाळू धरतो आणि काखेत-मांडीत घासून सोलतं. पोहण्याचे लांब बाह्यांचे कपडे घ्या, रंग भडक. निळा-राखाडी पाण्यात दिसत नाही. साधा डायपर समुद्रात फुगून लोंबतो. पोहण्याचा डायपर लघवी धरत नाही, फक्त शी धरतो, म्हणून तो गाडीत घालून बसवू नका. सनस्क्रीन एसपीएफ 30 किंवा जास्त, बाहेर पडण्याआधी पंधरा मिनिटं; कान, मानेची मागची बाजू आणि पावलांचा वरचा भाग विसरतो. दर दोन तासांनी आणि अंग पुसल्यावर पुन्हा. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीनपेक्षा सावलीच.

निळ्या फुग्यासारखा, मागे लांब धागे असलेला प्राणी वाळूत दिसला तर मेलेला असला तरी हात लावू देऊ नका. ती ब्लू बॉटल. डंख झाला तर धागे चिमट्याने काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा, चोळू नका. मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटं. गरमपणा आधी आपल्या हातावर बघा. पाकटाचा (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) काटा लागला तरी गरम पाणीच, शिवाय दवाखाना. श्वासाला त्रास, अंगभर पित्त, सुस्ती असं काही दिसलं तर थेट रुग्णालयात. उथळ चिखलट पाण्यात पाय उचलून टाकण्यापेक्षा घासत चाललं की पाकट आधीच पळतं.

खाण्याचं थोडक्यात. नाशिकच्या कोरड्या हवेची सवय असलेल्या मुलांना किनाऱ्यावर घाम दिसतो पण तहान कळत नाही. दर अर्ध्या तासाला चार घोट पाणी. जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात, किंवा घरचं: एक लिटर पाणी, चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. थाळीत लहानांना सुरमईचा तुकडा द्या, मधला काटा काढून. मांदेलीच्या नादी लागू नका.

ओल्या अंगावरची वाळू पुसून निघत नाही, त्वचा मात्र सोलते. आधी अंग सुकू द्या, मग कॉर्नफ्लोअर हलकं भुरभुरून झटका. पाच लिटरचे गोड्या पाण्याचे दोन कॅन गाडीत असले की पाय आणि हात तिथेच धुता येतात. कानात पाणी गेलं तर डोकं कलतं करून रुमालाने टिपा, बड घालू नका. शंख-शिंपले गोळा करताना प्रत्येक शंख उलटा करून आत बघायला लावा. आत खेकडा असेल तर तो जागेवर परत. रिकामे शंख घरी आणून ब्रशने घासा आणि दोन दिवस उन्हात ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी खोलीत वास सुटतो.

परतीला रविवारी संध्याकाळची वाट बघू नका. सकाळचा एक फेरा पाण्यात मारून, आंघोळ-न्याहारी करून दहापर्यंत निघालात तर वडखळची गर्दी आणि घाटातले ट्रक दोन्ही बरेच चुकतात, आणि मुलं गंगापूर रोडला पोचेपर्यंत झोप काढून उठलेली असतात.