चाळीस पिवळ्या गोळ्या

"पोरी, एवढं फोडून दे गं."

मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य मी दिवसातून दोन-चारदा तरी ऐकते. कधी डोळ्यांच्या थेंबांची बाटली असते, कधी खोकल्याच्या औषधाचं पत्र्याचं बूच. सगळ्यात वैताग आणतं ते सांधेदुखीचं मलम. टोपण काढायचं, उलटं धरायचं आणि त्याच्या टोकानं ट्यूबच्या तोंडावरचा पडदा फोडायचा. ज्याची बोटं धड आहेत त्याला हे मलम लागतच नाही, एवढं साधं कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही कोण जाणे.

मी मिरजेत एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे, नऊ वर्षं झाली. इथे दवाखान्यांना तोटा नाही, पार कर्नाटकातून पेशंट येतात. हे जे सांगतेय ते मात्र आमच्याच गल्लीतल्या एका आज्जीचं. आज्जीचं म्हणण्यापेक्षा माझंच.

आज्जींना आमवात. बोटं करंगळीकडे झुकलेली, मुठीची हाडं सुजून वर आलेली. सकाळी उठल्यावर तास-दीड तास हात मिटत नाही की उघडत नाही. दुधाची पिशवी त्या दातानं फाडायच्या. गोळ्यांची स्ट्रिप दाताला दाद देईना, तेव्हा त्यांनी पानाच्या डब्यातला अडकित्ता काढला. एकदा मला दाखवायला घेऊन आल्या होत्या. निम्म्या गोळ्या मधोमध चिरलेल्या, स्ट्रिपच्या कडेला पिवळा चुरा आणि त्याला सुपारीचा वास.

भाच्यानं अमेरिकेहून दुखण्याच्या गोळ्यांची मोठी बाटली आणली होती, तिचीही तीच तऱ्हा. टोपण खाली दाबून धरायचं आणि दाबतच फिरवायचं. लहान मुलांनी गोळ्या खाऊ नयेत म्हणून तिकडे १९७० साली त्याचा कायदाच झाला. म्हाताऱ्या, अधू माणसांसाठी साधं टोपण मागून घ्यायची सोयही त्याच कायद्यात आहे, पण भाच्याला ते कुठलं ठाऊक असायला! बाटली देव्हाऱ्याशेजारी न उघडताच राहिली. तिला कुंकू तेवढं लावायचं बाकी होतं.

तर, रथसप्तमीच्या आधीचा शनिवार. संध्याकाळची वेळ, काउंटरवर दहा माणसं. आज्जींनी महिन्याच्या गोळ्या घेतल्या आणि पिशवीतून प्लॅस्टिकच्या दोन डब्या काढल्या. हळदीकुंकवाला वाण म्हणून मिळालेल्या, एकाच घरच्या, एकसारख्या, फिरकीच्या झाकणाच्या.

"ह्यात काढून दे सगळ्या. रोज रोज कुणाकुणाला सांगू? सून सातला कामाला जाती."

मला वाईट वाटलं आणि घाईही होती. मी पटापटा अंगठ्यानं गोळ्या फोडल्या. सोळा एका डबीत, चोवीस दुसरीत. सोळा होत्या मेथोट्रेक्सेटच्या, अडीच मिलिग्रॅमच्या. ती रविवारी एकदम चार, बस्स, मग पुढच्या रविवारपर्यंत हात लावायचा नाही. हे मूळचं कॅन्सरचं औषध. आमवाताला अगदी थोड्या मात्रेत देतात, पण आठवड्यातून एकदाच. चोवीस होत्या फोलिक अ‍ॅसिडच्या, पहिलीचा त्रास कमी व्हावा म्हणून, सोमवार ते शनिवार रोज एक. डब्यांवर मी चिकटपट्टी लावून पेनानं 'रविवार' आणि 'रोज' लिहिलं. स्वतःवर खूश होऊन लिहिलं, हे कबूल करते. आणि मोकळ्या स्ट्रिपा पायाजवळच्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. औषधाचं नाव, ताकद, बॅच, मुदत, ती उभी लाल रेघ, सगळं त्यांच्याबरोबर गेलं. मेथोट्रेक्सेट उघड्या हातानं हाताळायचं नसतं, तेही मी त्या गडबडीत विसरले.

बाराव्या दिवशी, गुरुवारी दुपारी, आज्जी पदर तोंडाशी धरून आल्या.

"तोंड आलंय गं. तिखट सोड, साधं पाणी झोंबतंय. ते लावायचं जेल दे, आणि बी कॉम्प्लेक्स."

तोंड आलंय म्हणून आमच्याकडे रोज पाच जण येतात. जेल देऊन पैसे घ्यायचे, दुसरं काही विचारायची पद्धत नाही. माझा हातही फळीकडे गेलाच होता. पण मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याचं तोंड आलं तर ते उष्णतेनं आलं असं धरून चालायचं नसतं. औषध अंगात जास्त झाल्याची ती पहिली खूण असू शकते.

"आज्जी, रविवारची गोळी रविवारीच घेता ना?"

"व्हय की! रविवारी चार, बाकीच्या दिवशी एक. मला काय कळत न्हाई व्हय?"

उत्तर शंभर टक्के बरोबर. मी जेलची ट्यूब खाली काढलीसुद्धा. मग सहज विचारलं, "कुठल्या डबीतली?"

"डबी कुठली उघडतीया बाई! तुझ्या त्या डब्या पहिल्याच सोमवारी नातीकडनं उघडल्या आणि वतल्या सगळ्या एका वाटीत. वर ताटली झाकून ठेवलीया."

माझ्या पोटात गोळा आला. फिरकीच्या झाकणाची डबी! ज्या बाईला स्ट्रिप फुटत नाही तिला मी औषध स्ट्रिपमधून काढून, पिळून उघडायच्या झाकणाखाली बंद करून दिलं होतं. वर चिकटपट्टीवर सुवाच्य अक्षरात वारही लिहिले होते.

आज्जींना स्टुलावर बसवलं आणि दुकानातल्या पोराला त्यांच्या घरी पिटाळलं. तो वाटी घेऊन आला, स्टीलची, आमटीची. हातमोजे घालून मी ती पांढऱ्या कागदावर उपडी केली. सगळ्या गोळ्या पिवळ्या, सगळ्या बारीक. दोन्ही औषधांची पूडच मुळात पिवळी. शेजारी शेजारी उजेडात धरल्या की आकारात थोडा फरक दिसतो, पण त्यासाठी मोतीबिंदू नसलेले डोळे लागतात. गंमत म्हणवत नाही, पण शरीरही ह्या दोघींत असंच फसतं. मेथोट्रेक्सेटचा रेणू फोलिक अ‍ॅसिडसारखा दिसतो, म्हणून तर पेशी त्याला आत घेतात आणि त्याचं काम चालतं.

गोळ्या मोजणं हे माझं रोजचं काम. त्या दिवशी तीनदा मोजलं. पहिल्या रविवारच्या चार सुनेनं डबी उघडून बरोबर दिल्या होत्या, म्हणजे वाटीत पडताना मेथोट्रेक्सेट बारा आणि फोलिक चोवीस. त्यानंतरच्या अकरा दिवसांत आज्जींनी हिशेबानं चौदा गोळ्या घेतलेल्या. कागदावर उरल्या बावीस. तो आकडा जुळला. मग मी दोन ढीग केले. मेथोट्रेक्सेटच्या आठ उरायला हव्या होत्या. उरल्या होत्या दोन.

'रविवार'ची डबी नंतर ओतली गेली असणार, म्हणून त्या गोळ्या वर राहिल्या, आणि आज्जी वरचीच उचलत गेल्या. जवळजवळ रोज एक. हे औषध रोज थोडं थोडं पोटात गेलं तर आठवड्याला एकदा घेतल्यापेक्षा कितीतरी जास्त बाधतं. तोंडाची आणि आतड्याची आतली कातडी, रक्त तयार करणारा हाडांतला मगज, अशा सतत नव्या होणाऱ्या पेशींवर ते सगळ्यात आधी उतरतं.

मी डॉक्टरांना फोन लावला. काय झालं ते सांगितलं आणि कुणी केलं तेही. पलीकडे क्षणभर काहीच आवाज नव्हता. मग म्हणाले, "आत्ता, आहेत तशा पाठवा." रिक्षात आज्जींना एकच काळजी. ट्यूबचे पैसे द्यायचे राहिले.

रक्तात पांढऱ्या पेशी बऱ्याच खाली गेल्या होत्या, मूत्रपिंडाचं कामही थोडं मंदावलेलं. मेथोट्रेक्सेट बंद, सलाइन, फोलिनिक अ‍ॅसिडची इंजेक्शनं. फोलिक नव्हे, फोलिनिक. मेथोट्रेक्सेटनं पेशीत अडवलेली वाट टाळून ते पेशीच्या कामी येतं. सहाव्या दिवशी आज्जी घरी आल्या. मी दोनदा भेटून आले. सुनेला सगळं खरं सांगितलं. ती पहिल्यांदा काहीच बोलली नाही. दुसऱ्यांदा म्हणाली, "मी तरी कुठं रोज बघत होते." हे ऐकायला शिव्यांपेक्षा जड गेलं. मालकांनी शिव्या दिल्या, ते बरं वाटलं.

रक्त पूर्ववत झाल्यावर डॉक्टरांनी चार बारीक गोळ्यांऐवजी दहा मिलिग्रॅमची एकच लिहून दिली. तिची स्ट्रिप सुनेच्या कपाटात. आज्जींच्या हाती फक्त फोलिक अ‍ॅसिड, तेही स्ट्रिपमध्येच. मग ती फोडायची कशी, हा प्रश्न होता तिथेच राहिला. एका दुपारी दुकानात गर्दी नसताना आम्ही दोघी त्याच्यामागे लागलो. कात्रीनं त्यांचा अंगठा दुखायला लागला. चिमटीत काहीही धरलं की जोर अंगठ्याच्या मुळाशी येतो, आणि त्यांचं दुखणं नेमकं तिथेच. शेवटी एका रिकाम्या, रुंद तोंडाच्या बाटलीवर स्ट्रिप आडवी ठेवली, फॉइलची बाजू खाली. गोळीचा फुगवटा बरोबर तोंडावर आणला, त्यावर लाकडी पळीचा दांडा उभा धरला आणि आज्जींनी वरून तळहात टेकून अंगाचा भार दिला. बोटांना काही कामच नाही. टप् आवाज झाला आणि गोळी बाटलीत पडली.

"पुन्यांदा," आज्जी म्हणाल्या.

"अहो, रोज एकच काढायची!"

"गोळी न्हाई गं, रिकामं पाकीट दे. हात बसू दे."

आता नाव आणि वापर सांगितल्याशिवाय मी कुणालाच गोळी सुटी करून देत नाही, मेथोट्रेक्सेट तर कुणालाच नाही. पाकिटावर लाल पेनानं वार लिहिते आणि माणसाकडून तो वाचून घेते. गर्दीत लोक कुरकुरतात. 'तोंड आलंय' म्हणणाऱ्याला आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारते, तेव्हा तर एक काका म्हणाले, "जेल विकतेस की मुलाखत घेतेस?"

मागच्या महिन्यात आज्जी पिशवी चाचपत आल्या. त्यांनी वाणाच्या त्या दोन डब्या काढून काउंटरवर ठेवल्या. चिकटपट्टीवरचं माझं अक्षर अजून तसंच होतं.

"ह्या तुला घे. टाचण्या-बिचण्या ठेव. मला काय उघडत न्हाईत."