माझा अनुभव: कॅम्पसच्या अंकात वादाचं पान लावताना

वादाचं पान, म्हणजे एकाच प्रश्नावर दोन विरुद्ध बाजूंचे लेख, बहुतेक वेळा प्रश्नातच बिघडतं. ‘अभिव्यक्ती की संस्कृती?’ असा विषय दिला की दोन्ही लेखक आपापलं भाषण लिहून मोकळे होतात आणि दोन लेखांची कुठेच गाठ पडत नाही. म्हणून एक अख्खी बैठक मी फक्त प्रश्नासाठी ठेवतो. उद्या कुणाला तरी ज्यावर निर्णय घ्यावा लागेल, असा प्रश्न हवा. उदाहरणार्थ, ‘महोत्सवातल्या नाटकाची संहिता प्रशासनाने आधी वाचावी का?’ इथे ‘हो’ म्हणणाऱ्याला सांगावंच लागतं, की कोण वाचणार, किती दिवस आधी आणि काय कापण्याचा अधिकार त्याला असेल. ‘नाही’ म्हणणाऱ्याला, प्रयोगानंतर तक्रार आली तर उत्तर कोण देणार, हे सांगावं लागतं.

लेखक शोधताना संघटनांचे पदाधिकारी सर्वांत आधी होकार देतात, पण त्यांच्याकडून बऱ्याचदा पत्रकाचा मजकूर येतो. नाटक बसवणारी मुलगी किंवा सभागृहाची परवानगी देणाऱ्या समितीतला प्राध्यापक जास्त नेमकं लिहितो. कुणी संघटनेत असेल, तर ते नावाखाली छापायचं.

दोघांना एकच पत्र जातं: प्रश्न, ५०० शब्द, तारीख, आणि मथळा आम्ही देणार. लेख हातात येईपर्यंत एकाचा मजकूर दुसऱ्याला दाखवत नाही. नाहीतर दुसरा थेट प्रत्युत्तरच लिहितो आणि पहिला आरोपीसारखा दिसतो. दोन्ही लेख आले की एकाच वेळी अदलाबदल, आणि प्रत्येकी १०० शब्दांचं उत्तर. खरा वाद या १०० शब्दांत होतो. एका बाजूने कुणीच तयार नसेल, तर त्या बाजूचा लेख संपादकाने लिहू नये. हाताशी आहे तो सहीचा लेख म्हणून छापावा, ‘वाद’ हे शीर्षक काढून.

तपासणीचं काम किचकट आहे. मतांना हात लावायचा नाही, पण प्रत्येक विधानाखाली रेघ ओढून विचारायचं, की हे मत आहे की घटना? ‘प्रयोग बंद पाडला’ ही घटना आहे. मग सूचनेची प्रत हवी. कधीकधी आयोजकांनीच प्रयोग मागे घेतलेला असतो. नाटकातलं वाक्य उद्धृत केलं असेल तर आधीचा आणि नंतरचा संवाद वाचायचाच. नाहीतर पात्राचं म्हणणं नाटककाराच्या गळ्यात पडतं.

ज्याच्यावर बोट ठेवलंय त्याला लेखी प्रश्न आणि किमान एक पूर्ण दिवस द्यायचा. हे सौजन्यापुरतं नाही. अमेरिकेतल्या हेझलवूड प्रकरणात मुख्याध्यापकांनी शाळेच्या अंकातली दोन पानं काढून टाकली. घटस्फोटावरच्या लेखात वडिलांवर टीका होती आणि पालकांना उत्तराची संधी मिळाली नव्हती, हा त्यांच्या आक्षेपांपैकी एक. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी शाळेच्या बाजूने निकाल दिला. तो शाळेच्या अंकाबद्दल होता, पण कात्री चालवायला निमित्त कुठून मिळतं, ते त्यात स्पष्ट दिसतं.

पान लावताना लेख वर-खाली नकोत, शेजारी-शेजारी हवेत. वरचा लेख अंकाचीच भूमिका वाटतो. मथळे एकाच आकाराचे, एकाला चौकट तर दुसऱ्यालाही. घोषणा देणाऱ्या गर्दीचा फोटो मी टाळतो. तो कोणत्या तरी एका बाजूला झुकतोच. (शेवटच्या रात्री जागा भरायला नेमका तोच फोटो पुढे येतो.)

चूक निघाली तर दुरुस्ती पुढच्या अंकात त्याच पानावर, मूळ चुकीचा उल्लेख करून. ऑनलाइन मजकूर गुपचूप बदलायचा नाही; खाली तारखेसह टीप टाकायची. आलेल्या पत्रांत एकाच मुद्द्याची दहा असतील तर एक छापून बाकीच्यांची संख्या सांगायची.