फुकटचा पियानो नको

इथल्या जाहिरातींत एक ओळ सारखी दिसते: ‘पियानो फुकट, ज्याने त्याने येऊन न्यावा.’ जर्मनीतल्या या लाइपझिगमध्ये तर अशा जाहिरातींना तोटाच नाही. आजी-आजोबा गेलेले असतात, घर रिकामं करायचं असतं, नातवंडांना वाजवता येत नाही. मग दोनशे किलोच्या वरचं ते धूड जो उचलेल त्याचं. लेकीच्या संगीतशाळेतल्या बाई म्हणाल्या, की आता घरी खरा पियानो हवा, हलक्या की-बोर्डवर बोटांना जोर येत नाही. आम्ही शोधायला बसलो तर पहिल्यांदा हे फुकटचेच समोर आले. फोनवर आण्णांना सांगितलं. अंबाजोगाईहून लगेच उत्तर आलं, "फुकट द्यायलेत म्हनल्यावर इचार काय करायलीस बाई? टेम्पो लाव अन् घेऊन ये."

या फुकटाबद्दल मला फार राग आहे, म्हणून हे लिहितेय.

जुना पियानो टाकून द्यायलाही इथे पैसे मोजावे लागतात. हमाल लागतात, गाडी लागते, मोडीत काढणारा वेगळे पैसे मागतो. तो खर्च वाचवायचा सोपा मार्ग म्हणजे ‘फुकट’ लिहायचं. पुढचा माणूस आनंदाने येतो, तिसऱ्या मजल्यावरून उतरवण्याचे पैसे स्वतः देतो, आपल्या घरी चढवण्याचे पुन्हा देतो, मग सूर लावणाऱ्या ट्यूनरला बोलावतो, आणि तेव्हा त्याला कळतं की हा सुरात लागणारच नाही. आता टाकून देण्याचा खर्चही त्याच्याच गळ्यात. बरं, यात सापडतात कोण? माझ्यासारखी नवखी माणसं, ज्यांच्या घरात आधी कुणी पियानो पाहिलेला नाही. देणाऱ्याला सगळं माहीत नसेलही, पण तीस वर्षं झाकण उघडलेलं नाही एवढं तर माहीत असतं. ते जाहिरातीत का लिहीत नाहीत?

असाच एक पियानो बघायला जाताना मी शंभर युरो देऊन एका ट्यूनरला सोबत नेलं. साठीचे गृहस्थ, फार बोलणं नाही. त्यांनी वरचं झाकण उघडलं, आतल्या दोन खिट्ट्या फिरवून समोरची फळी काढून भिंतीला लावून ठेवली आणि आत टॉर्चचा उजेड पाडला. आधी लोखंडी चौकटीवरचा क्रमांक वाचला, त्यावरून पियानो कुठल्या साली बनला ते निघतं. मग तार जिला गुंडाळलेली असते अशा एका खुंटीला किल्ली लावली, किंचित फिरवली, सोडली. सूर चढला आणि आमच्या डोळ्यांदेखत परत खाली आला. त्यांनी दुसरी खुंटी घेतली. तेच.

मग त्यांनी मला समजावलं. पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि सगळ्यांचा मिळून ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो. तो भार लोखंडी चौकट पेलते, पण प्रत्येक तारेची खुंटी मात्र लाकडात ठोकलेली असते. हिवाळ्यात घराघरांत हीटर चालतात, हवा कोरडी पडते, आणि अशी वर्षानुवर्षं गेली की लाकूड आकसतं, चिरतं, खुंटी धरत नाही. आज सूर लावला तर आठवड्यात उतरणार. त्या पियानोचा मधला ‘ए’ हा स्वर, जो ४४० हर्ट्झवर हवा, तो जवळजवळ अर्धा स्वर खाली गेला होता. एकदम ओढून वर आणावा तर गंजलेल्या तारा तटातट तुटणार. तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या नमद्यावर, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या थरावर, तारांनी खोल चरे पाडले होते, पट्ट्यांखालच्या नमद्याला कसर लागली होती. शिवाय आवाज दाबणाऱ्या गाद्या हातोड्यांच्या वरच्या बाजूला होत्या. ही जुनी रचना, तिच्यात स्वर सोडला तरी नीट थांबत नाही.

शेवटी त्यांनी मालकीणबाईंसमोरच सांगितलं, "मुलीसाठी हा घेऊ नका. कान बिघडेल, मग आवडही जाईल." बाईंचा चेहरा पडला. तरी ते शब्दाने नरमले नाहीत. दुसरा पियानो विकायचा म्हणून बोलत असतील असंही नाही, त्यांच्याकडे विकायला काहीच नव्हतं.

आण्णांना हे सांगताना मी हाळी हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजाराची आठवण दिली. देवणी गोऱ्हा कितीही देखणा असो, आण्णा आधी तोंड उघडून दात बघतात, खांद्यावर हात दाबून बघतात, चालवून बघतात. कुणी म्हणालं, घेऊन जा, पैसे नंतर द्या, तर आण्णा आणखी बारकाईने बघतात. खुंटीचं ऐकल्यावर ते एवढंच म्हणाले, "मंग बरं केलंस."

त्या ट्यूनरचं मला मनापासून कौतुक वाटतं. जर्मनीत पियानो बांधायचं आणि दुरुस्तीचं शिक्षण साडेतीन वर्षांचं असतं, परीक्षा असते, आणि मग त्या माणसाच्या मताला किंमत असते. ‘नुसतं बघायचे शंभर युरो?’ असं त्याला कुणी विचारत नाही.

पण हे वाचून कुणी ‘आपल्याकडे काय आहे’ असं म्हणू नये. आपल्या भागात पेटी दुरुस्त करणारे कारागीर मी लहानपणी बघितलेत. पितळी सुराची पट्टी काढायची, टोकाकडे बारीक घासलं की सूर चढतो, बुडाकडे घासलं की उतरतो. केसाएवढं घासायचं, बसवायचं, भाता मारून ऐकायचं. ना यंत्र, ना प्रमाणपत्र, सगळं कानावर. त्या कानाला हे ट्यूनरसाहेबही दाद देतील. कमी पडतो ते आपण. त्यांच्याशी पन्नास रुपयांवरून घासाघीस करतो आणि मुलांना त्या कामाला लावलं नाही म्हणून त्यांनाच नावं ठेवतो. तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने देवगिरीला यादवांच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. आपेगावच्या शंकरबापूंचा पखवाज देशभर ऐकला गेला. सूर आपल्याला नवा नाही.

म्हणूनच ‘लेकीला पेटी सोडून पियानो कशाला?’ हा आत्याचा प्रश्न मला लागतो. पेटी सोडलेली नाही, रविवारी तिच्यावर हरिपाठ होतोच. पण तिच्या शाळेतली मुलं जे मिळून वाजवतात ते तिलाही वाजवता यायला हवं. ती राहते इथे, वाढणार इथे.

शेवटी घेतला तो जुना यामाहा यू-वन, १२१ सेंटिमीटर उंच. हे ब्लुथनर या पियानो कंपनीचं गाव, १८५३ पासून त्यांचे पियानो इथलेच, म्हणून ओळखीचे लोक ‘जर्मनच घ्या’ म्हणत होते. पण नावापेक्षा खुंट्या घट्ट असणं महत्त्वाचं, आणि यू-वनच्या होत्या. उंचीही बघावी. फार बुटक्या पियानोत खर्जाच्या तारा आखूड पडतात आणि आवाज पोकळ येतो. तीन हजार युरोंच्या वर गेले. यंदा दिवाळीला गावी आलो नाही त्यामागे हेही एक कारण आहे. आईला वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण चांगला पियानो दहा वर्षांनी विकला तरी बरेच पैसे परत येतात, विमानाच्या तिकिटाचं तसं नाही.

शेजाऱ्यांची धास्ती होती, तीही कमी झाली. २०१८ साली इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने घरात ट्रम्पेट वाजवणाऱ्याच्या खटल्यात सांगितलं, की वाद्याचा सराव हा घरात राहण्याचाच भाग आहे, सरसकट बंदी घालता येणार नाही. साधारण मोजमाप म्हणून कामाच्या दिवशी दोन-तीन तास, रविवारी आणि सुट्टीला एक-दोन तास, आणि विश्रांतीच्या वेळा पाळायच्या. लेक अर्धा तास वाजवते. मधला पेडल दाबून ठेवला की हातोड्या आणि तारांमध्ये नमदा येतो आणि आवाज निम्म्यावर जातो. तरी सप्ताहात रात्रभर टाळ-मृदंग चालायचा आणि त्या आवाजातच आम्ही गाढ झोपायचो, ते आठवल्याशिवाय राहत नाही.

लातूरहून भाचीची विचारणा आली आहे, ‘मावशी, इकडं जुना पियानो घ्यावा का?’ माझं मत असं: आधी तुमच्या गावी वर्षातून दोनदा ट्यूनर येईल का ते विचार. आपल्याकडे मे महिन्यात लाकूड तडकायला लागतं आणि श्रावणात फुगतं, पियानोला मात्र वर्षभर सारखी, निम्म्याच्या आसपास आर्द्रता लागते. ट्यूनर पुण्या-मुंबईहून बोलवावा लागणार असेल तर ८८ पट्ट्यांचा, वजनदार पट्ट्यांचा डिजिटल घे, सूर उतरायची भीती नाही. आणि ट्यूनर मिळत असेल तर पैसे द्यायच्या आधी त्याला खुंट्या दाखव.