वाकायची भीती

तीन वर्षांपूर्वी मोरीतली भरलेली बादली उचलताना कंबरेत उसण भरली. उसण पंधरवड्यात ओसरली, दुखणं मात्र मुक्कामाला राहिलं. एमआरआय बघून एका डॉक्टरांनी सांगितलं, "मणक्यात गॅप आहे, वाकायचं नाही." ते मी व्रतासारखं पाळलं. केर काढणं सोडलं. नात हात पसरून यायची, तरी तिला उचललं नाही. त्याचं आजही वाईट वाटतं.

नव्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी आधी नीट तपासलं, मग १७ विधानांची टाम्पा स्केल नावाची प्रश्नावली भरून घेतली. हालचालीची भीती किती आहे, ते त्यावरून कळतं. व्लायेन आणि लिंटन या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली मांडलेलं चक्रही त्यांनी समजावलं: दुखण्याची भीती वाटते, म्हणून आपण हालचाल टाळतो, त्याने शरीर दुबळं होतं आणि दुखणं वाढतं. एमआरआयमधले असे बदल काहीच न दुखणाऱ्या माणसांतही सर्रास दिसतात, हे मला कुणी आधी का सांगितलं नाही?

मग समोर रिकामी बादली ठेवली.

"वाकल्यावर काय होईल असं वाटतं, काकू?"

"मणका सरकेल."

"बघू या."

श्वास रोखून वाकले. तळहात घामेजले होते. बोटांना कडीचा गार स्पर्श झाला. कंबर थोडी दुखली, सरकलं काहीच नाही. पुढच्या आठवड्यात बादलीत दोन तांबे पाणी, मग चार.

काल अर्धी बादली उचलली. रात्री कंबर शेकली, आणि सकाळी पुन्हा उचलली.