फुटाळ्याच्या वाटेवरचा विसावा

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपल्याशिवाय माहेरी येऊ नकोस, असं आई दरवर्षी बजावते. यंदा तरीही गेले आणि पहाटे साडेपाचला तिला घेऊन सेमिनरी हिल्सहून फुटाळा तलावाकडे निघाले. पारा 45 च्या वर असताना नागपुरात चालायला हा एवढाच वेळ. सात वाजले की ऊन बोचायला लागतं.

दोन वर्षांपूर्वी आईने हे फिरणं बंद केलं होतं. गुडघे दुखतात म्हणायची. पण खरी अडचण वेगळी होती. वाटेत टेकायला कुठे जागाच नव्हती! सोबत चालणाऱ्या काकू म्हणाल्या, "बसाले जागा नसली तं माणूस घरूनच निघत नाही जी."

आता अर्ध्या वाटेवर या फिरायला येणाऱ्या मंडळींनीच विसावा केलाय. जागा आपल्या हॉलएवढी, पूर्वी तिथे बांधकामाचा मलबा पडायचा. परवानगीसाठी आठ महिने एका कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या, मग घराघरातून वर्गणी काढली. पूर्वेला जुना कडुनिंब आणि करंज आहेत, त्यांच्याखाली दगडी ओटा. करंजाला चैत्रात नवी पालवी येते आणि ऐन मे महिन्यात दाट सावली मिळते. साग याच दिवसांत बोडका असतो, आणि गुलमोहर कितीही देखणा असला तरी वादळात त्याच्या फांद्या मोडतात. इथे झाड निवडायचं ते मे महिना डोळ्यांसमोर ठेवूनच, हे मला मनापासून पटलं.

आधी कुणीतरी लोखंडी बाक दिला होता, तो आठ वाजताच तव्यासारखा तापायचा. म्हणून ओट्यावर सागाच्या पट्ट्या ठोकल्या. एका काकाजींनी टेप लावून उंची दीड फूट ठरवली, कारण त्याहून खाली बसलं की दुखऱ्या गुडघ्यांना उठवत नाही. दोन्ही टोकांना हात टेकायला लाकडी दांडे आहेत. आई बसली, ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या रांजणातलं गार पाणी प्याली, दांड्यावर तळवा रोवला आणि माझा हात न मागता उठली. मी नुसती बघत राहिले.

पश्चिमेची बाजू अजून उघडी आहे, संध्याकाळचं ऊन थेट तोंडावर येतं. म्हणून तिकडे तीन खड्डे खणणं चालू होतं, तीन फूट लांब, रुंद आणि खोल. मीही सब्बल हातात घेतली. वरची वीतभर माती गेली की मुरूम लागतो, मग घाव घातला की हाताला झिणझिण्या. खड्डे नवतपात उघडे तापू द्यायचे, म्हणजे मातीतली कीड मरते. मग शेणखत आणि काळी माती भरून मृगाच्या पावसात रोप लावायचं. प्रत्येक रोपाशेजारी बुडाला भोक पाडून वात घातलेलं मडकं पुरतील, त्यातून मुळांशी पाणी झिरपत राहतं. येताना प्रत्येकाने एक बाटली आणायची, असं ठरलंय.

त्या दिवशी आई थेट तलावापर्यंत आली. परतताना पुन्हा विसाव्यावर थांबलो. दोन खड्ड्यांत करंज हे नक्की आहे. तिसऱ्यात आईला बकुळ हवी, काकाजी कडुनिंबावर अडून बसलेत. वाद मिटायच्या आतच माझी गाडीची वेळ झाली.