प्रत्येक पायरीला नवा अर्ज

कॅथलिक धर्मभगिनी, म्हणजे नन, व्हायला किती वर्षं लागतात, असं मला पुष्कळ जण विचारतात. डॉक्टर व्हायला लागतात त्याहून जास्त, असं सांगितलं की आधी हसतात आणि मग विचारतात, "एवढं काय शिकवतात?" बाहेरून पाहणाऱ्याचा समज असा, की मुलगी एक दिवस बॅग घेऊन कॉन्व्हेंटमध्ये गेली, दार लागलं, विषय संपला. मला आलेला अनुभव नेमका उलटा आहे. दार वर्षानुवर्षं उघडंच होतं, आणि खरा कस त्या उघड्या दारानेच लावला. "तू राहा" असं कुणीही म्हणत नाही. राहायचं असेल तर दर टप्प्याला आपणच कागद पुढ्यात घ्यायचा, स्वतःच्या अक्षरात अर्ज लिहायचा आणि उत्तराची वाट पाहायची.

पहिला अर्ज सगळ्यात सोपा, कारण त्या वयात पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, या शब्दाचाच अंमल असतो. त्याआधी काही महिने आमच्या संघाच्या, म्हणजे धर्मभगिनींच्या संस्थेच्या, पाचारण-मार्गदर्शक सिस्टरांशी भेटीगाठी झाल्या होत्या, सुटीतल्या शिबिरांना जाऊन आले होते. मग कागदपत्रं. स्नानसंस्काराचा (बाप्तिस्म्याचा) दाखला घरच्या फायलीतला जुना चालत नाही, धर्मग्रामातून (पॅरिशमधून) नव्याने काढलेला लागतो. हे मला तेव्हा नुसतं सरकारी वळणाचं वाटलं होतं. नंतर कारण कळलं. चर्चच्या नोंदवहीत आपल्या स्नानसंस्काराच्या नोंदीशेजारीच पुढे दृढीकरण (कन्फर्मेशनचा संस्कार), विवाह वगैरे गोष्टी लिहिल्या जातात, त्यामुळे ताजा उतारा हाच आपण विवाहबंधनात नसल्याचा पुरावा ठरतो. त्याखेरीज दृढीकरणाचा दाखला, वैद्यकीय तपासणी, आमच्या धर्मगुरूंचं पत्र. मानसशास्त्रज्ञांकडेही पाठवलं, पण आधी माझी लेखी संमती घेतली आणि अहवाल कोण कोण वाचणार हेही सांगितलं.

मुलाखतीत एका प्रश्नाने मी चमकले: "तुझ्यावर कुणाचं कर्ज आहे का?" १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, यासाठी कलमच आहे. फेडता न येणारं कर्ज डोक्यावर असलेल्याला प्रवेश द्यायचा नाही. नॉव्हिशिएटसाठी, म्हणजे व्रतांआधीच्या घडणीच्या काळासाठी, वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत. लग्न झालेलं असेल आणि जोडीदार हयात असेल तर चालत नाही. दुसऱ्या संघाशी बांधलेली व्यक्ती चालत नाही. आणि जबरदस्तीने, भीतीपोटी किंवा फसवणुकीने आलेल्याचा प्रवेश तर मुळातच अवैध. आईबाबांना बाहेर बसवून मला एकटीला तेच तेच चार तऱ्हांनी का विचारत होते, ते हे कलम वाचल्यावर उमगलं.

उमेदवारी आणि पोस्ट्युलन्सी या नॉव्हिशिएटच्या आधीच्या पायऱ्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एकत्र राहायची सवय, भाषा, वाद्यं, थोडं बायबल, पुष्कळ झाडलोट. त्या काळात माणूस पाहुणाही नसतो आणि घरचाही नसतो. मन लावून वाचलं ते संत बेनेडिक्टने मठवासींसाठी लिहिलेल्या नियमातलं ५८ वं प्रकरण. सहाव्या शतकातला हा मठाधिपती सांगतो, की नव्याने आलेल्याला सहजासहजी आत घेऊ नका, चार-पाच दिवस दारात ठोठावू द्या. आत घेतल्यावरही दोन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, मग आणखी चार महिन्यांनी त्याला अख्खा नियम वाचून दाखवा आणि दर वेळी जायची मोकळीक द्या. मला सर्वात आवडला तो कपड्यांचा मुद्दा. त्याने अंगावरून उतरवलेले कपडे मठाच्या कोठीत जपून ठेवायचे, म्हणजे उद्या निघालाच तर ते घालून जाईल. इतका व्यवहारी संत मी दुसरा पाहिला नाही.

नॉव्हिशिएटचा अर्ज मी तीनदा फाडला. विचार पक्का होता, शब्द खोटे वाटत होते. "परमेश्वराने मला बोलावलं आहे" असं लिहायला हात धजेना. हे मला इतक्या ठामपणे कुठे ठाऊक होतं? शेवटी लिहिलं, "मला इथे राहून हे ताडून पाहायचं आहे." तेवढ्यावर मंजुरी आली.

नॉव्हिशिएट हा या सगळ्या वाटचालीचा गाभा. कायद्याने तो किमान १२ महिन्यांचा, तोही त्यासाठीच लेखी आदेशाने ठरवलेल्या घरात, आणि दोन वर्षांपेक्षा लांबवता येत नाही. आमच्याकडे दोन वर्षांचा होता. त्यातलं एक वर्ष 'कॅनॉनिकल इयर', म्हणजे कायद्यातलं ते १२ महिन्यांचं वर्ष. या वर्षात कॉलेज नाही, परीक्षा नाहीत, बाहेरची नोकरी नाही, कारण घडणीला थेट उपयोगी नसलेला अभ्यास किंवा काम नॉव्हिसला द्यायचंच नाही असा नियम आहे. पहाटे घंटा, अर्धवट झोपेत चॅपेल, सकाळची प्रार्थना, ध्यान, मिस्सा (मास), मग कामं, संघाच्या घटनेचा अभ्यास, व्रतांवरचे तास, संध्याकाळची प्रार्थना, रात्री झोपण्यापूर्वीची प्रार्थना आणि नंतर मौन. स्तोत्रसंहितेतली जवळजवळ सगळी स्तोत्रं चार आठवड्यांच्या चक्रात फिरून फिरून येतात. पहिले काही महिने मी ती नुसती म्हणत होते. शत्रूंविरुद्ध देवाचा धावा करणारी स्तोत्रं पहाटे जांभया देत कशी म्हणायची, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

पण वेळापत्रकाची सवय होते. जड जातं ते मूल्यमापन. दर काही महिन्यांनी नॉव्हिस मिस्ट्रेस, म्हणजे आम्हा नॉव्हिसांची घडण पाहणाऱ्या सिस्टर, आपल्याबद्दलचा अहवाल लिहितात. आमच्या सिस्टर तो वरिष्ठांच्या कौन्सिलकडे (सल्लागार मंडळाकडे) पाठवण्याआधी आम्हाला वाचून दाखवत. छोटी खोली, दोन खुर्च्या, टेबलावर पालथा ठेवलेला कागद. पहिल्या अहवालात प्रार्थना, आरोग्य, अभ्यास सगळं ठीक होतं. मग त्यांनी चष्मा काढला.

"तू कुणाशी भांडत नाहीस," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "हो सिस्टर."

"हे मी गुण म्हणून लिहिलेलं नाही."

मला काही सुचेना. त्यांनी एक प्रसंग सांगितला. कपडे धुण्याची पाळी एका सोबतिणीने सलग माझ्या गळ्यात घातली होती आणि मी मुकाट्याने धुऊन टाकले होते. "तू तिला नाही म्हणाली नाहीस, मला सांगितलं नाहीस, पण त्या आठवड्यात तिच्याशी एक शब्दही बोलली नाहीस. याला आज्ञापालन म्हणत नाहीत. उद्या वरिष्ठांपुढेही तू अशीच गप्प बसशील आणि आतून धुमसशील." मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "पटत नसेल तर खाली तुझं म्हणणं लिही." मी लिहिलं नाही. पुढच्या अहवालात लिहिलं, चांगलं पानभर. त्यावर त्या खूश झाल्या.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार. नॉव्हिस मिस्ट्रेस वेगळ्या आणि आध्यात्मिक मार्गदर्शक किंवा पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू वेगळे. मिस्ट्रेसपुढे जे बोलू ते मूल्यमापनात येऊ शकतं. मार्गदर्शकांशी बोललेलं तिथेच राहतं, आणि पापनिवेदनाची गुप्तता तर अभंगच. सदस्यांना मनातलं उघड करायला कोणत्याही प्रकारे भाग पाडायचं नाही, अशी वरिष्ठांना कायद्याने स्पष्ट मनाई आहे. आपण होऊन मन मोकळं केलं तर गोष्ट निराळी. ही दोन दालनं जिथे एक होतात तिथे घडण बिघडते, हे माझं स्पष्ट मत. दुसऱ्या संघातल्या काही जणींकडून ऐकलेल्या कहाण्यांनी ते अधिकच पक्कं झालं.

त्याच वर्षी बाबांचं ऑपरेशन झालं आणि गुंतागुंत वाढली. घरी जाण्याची परवानगी अर्ध्या तासात मिळाली. परत आले तेव्हा मिस्ट्रेस कॅलेंडर घेऊन बसल्या होत्या. गैरहजेरी एकूण तीन महिन्यांच्या वर गेली तर नॉव्हिशिएटच रद्द ठरतो, ती तुकड्यातुकड्यांनी झालेली असली तरी. १५ दिवसांच्या वर गेली तर भरून काढावी लागते. मी त्या दुसऱ्या गटात बसले. त्यामुळे माझ्या तुकडीतल्या बाकीच्या जणी दुसऱ्या वर्षी सेवाकार्याच्या अनुभवासाठी बाहेरच्या घरांत गेल्या तेव्हा मी मागे राहून दिवस भरत होते. वडील आजारी असताना कसले दिवस मोजता, असा राग आला होता. पण त्या रिकाम्या घरात, मिस्ट्रेस आणि दोन म्हाताऱ्या सिस्टर यांच्याबरोबर गेलेले ते दिवस हा माझ्या नॉव्हिशिएटचा सगळ्यात कसदार भाग ठरला. एका सिस्टरना अंघोळ घालायचं काम माझ्याकडे होतं. त्यांनी व्रतांबद्दल जे सांगितलं ते कुठल्या तासाला ऐकलं नव्हतं. त्या म्हणायच्या, दारिद्र्याचं व्रत तरुणपणी सोपं असतं, म्हातारपणी दुसऱ्याने साबण लावायची वेळ येते तेव्हा ते खरं कळतं.

आमच्या तुकडीतली एक जण मध्येच गेली. नॉव्हिसला कधीही, कारण न देता जाता येतं, आणि संघालाही तिला परत पाठवता येतं. पूर्वी कुणी गेलं की बाकीच्यांना चहाच्या वेळी रिकामी खुर्ची दिसायची, असं जुन्या सिस्टर सांगत. आमच्या वेळी तिने स्वतः सगळ्यांना सांगितलं, आम्ही बॅग भरायला मदत केली, थोडं रडलो, फोटो काढला. आज ती दोन मुलांची आई आहे आणि माझ्यापेक्षा नेमाने सकाळची प्रार्थना म्हणते.

पहिल्या व्रतांचा अर्ज, मग मोठ्या वरिष्ठांची आणि त्यांच्या कौन्सिलची संमती, मग मौनातली तपसाधना. त्याआधी एक अगदी कोरडं काम असतं. स्वतःच्या मालमत्तेचा कारभार कुणाकडे सोपवणार हे लिहून द्यावं लागतं. माझ्याकडे मालमत्ता म्हणजे बँकेतली किरकोळ शिल्लक आणि आजीने नावावर केलेला एक दागिना. तरी फॉर्म भरताना हात थबकलाच. ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन ही व्रतं विधीत मोठ्या आवाजात घेतली तेव्हा तो थबकला नव्हता, हे विशेष. व्रतांनंतर आपण जे कमावतो ते संघाचं. पगार संघाच्या खात्यात जातो आणि बसभाड्यापासून चपलेपर्यंत सगळं मागावं लागतं. मागण्याचा संकोच जायला मला वर्षं लागली.

सगळे नॉव्हिशिएटचं कौतुक करतात, पण माझ्या मते खरी परीक्षा त्यानंतरच्या तात्पुरत्या व्रतांच्या काळात असते. हा काळ कमीत कमी तीन आणि साधारणपणे जास्तीत जास्त सहा वर्षांचा असतो. वाढवून दिला तरी एकूण नऊच्या वर जाता येत नाही. आमच्याकडे दर वर्षी व्रतांचं नूतनीकरण, म्हणजे दर वर्षी अर्ज. कागदावर या काळातही घडण चालूच राहायला हवी, आणि तिच्या आड येणारी पदं किंवा कामं या काळात देऊ नयेत असं कायदाही म्हणतो. प्रत्यक्षात माणसं कमी आणि कामं डोंगराएवढी. मला एका शाळेत पूर्ण वेळ वर्ग, वसतिगृहाची जबाबदारी आणि वर हिशेबाची वही मिळाली. ध्यानाच्या वेळी डोक्यात हजेरीपट सुरू असायचा. आम्हा ज्युनियरांची, म्हणजे तात्पुरती व्रतं घेतलेल्यांची, घडण पाहणाऱ्या सिस्टर महिन्यातून एकदा फोन करायच्या आणि मी "सगळं छान" म्हणून ठेवून द्यायचे. नॉव्हिशिएटच्या काचेच्या घरातून एकदम भर बाजारात सोडल्यासारखं होतं ते. त्या वर्षांत आमच्यातल्या आणखी दोघींनी नूतनीकरणाचा अर्ज केला नाही. मुदत संपली की व्रतं आपोआप संपतात, त्यामुळे आकांत काही होत नाही. पण त्यांच्या जाण्यात पाचारणापेक्षा थकव्याचा वाटा मोठा होता असं मला वाटतं, आणि हे मी बैठकीत बोललेही. नॉव्हिस मिस्ट्रेस असत्या तर त्यांनी गुणांच्या रकान्यात लिहिलं असतं.

किती वर्षं हा प्रश्न संघागणिक बदलतो. एकांतवासातल्या मठवासी भगिनींसाठी २०१८ साली व्हॅटिकनने काढलेल्या 'कोर ओरान्स' या सूचनापत्रानुसार सुरुवातीची घडण किमान नऊ वर्षांची आहे. आम्ही शाळा-दवाखान्यांत काम करणाऱ्या. आमची मुदत वेगळी, तरी फार मागे नाही.

अखेरच्या व्रतांआधी आम्हाला काही महिने कामातून पूर्ण मोकळं करून परत एकत्र आणलं. यात संत इग्नेशियसच्या पद्धतीची ३० दिवसांची आध्यात्मिक साधना होती. शेवटचा अर्ज मी एका बैठकीत, खाडाखोड न करता लिहिला. चार ओळींचा. त्यात "ताडून पाहायचं आहे" हे शब्द नव्हते. मग मृत्युपत्र. अखेरच्या व्रतांपूर्वी ते करावंच लागतं, आणि तेही देशाच्या कायद्याला मान्य होईल असं. वकिलांनी विचारलं, "एवढ्या लवकर?" मी म्हटलं, "आमच्यात नोकरी कायम होण्याआधीच करतात."

विधीच्या सुरुवातीला विचारतात, तू परमेश्वराकडे आणि त्याच्या चर्चकडे काय मागतेस. इतके अर्ज लिहिल्यावर तोंडी विचारलेला तो प्रश्न ऐकून मला हसू आवरावं लागलं. मग संतांची विनवणी सुरू असताना जमिनीवर पालथं पडणं, व्रतांचा मजकूर वाचणं, वेदीवर सही. पेन चाललं नाही, धर्मगुरूंनी खिशातलं दिलं.

यानंतर मात्र दार खरंच लागतं. अखेरच्या व्रतांमधून सुटका हवी असेल तर अत्यंत गंभीर कारण लागतं. आमच्यासारख्या पोपच्या मान्यतेच्या संघात तो अर्ज रोमला जातो. ज्या धर्मग्रामात माझा स्नानसंस्कार झाला तिथे संघाने पत्र पाठवलं आणि माझ्या नोंदीशेजारी अखेरच्या व्रतांची तारीख लिहिली गेली. त्याची पोच आली, फाइलला लागली. त्याच आठवड्यात बदलीचं पत्रही आलं: नवं घर, तीच हिशेबाची वही. या खेपेला मी वरिष्ठांना फोन करून सांगितलं की वही मला नको, का नको तेही सांगितलं. त्यांनी अर्धी दुसऱ्या सिस्टरकडे दिली.