रात्री ११ वाजून ५९ मिनिटांपर्यंत

आईचा फोन आला तेव्हा मी ओक ट्री रोडवर पार्किंग शोधत होतो. न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनला शनिवारी सकाळी पार्किंग मिळणं म्हणजे अर्धा दिवस सार्थकी. आई म्हणाली, "अरे, तिकडे म्हणे रस्त्यात अडवून धरतायत लोकांना, तू आपला पासपोर्ट खिशात ठेवत जा." मी म्हटलं, आई, कोथिंबीर आणायला पासपोर्ट घेऊन कोण जातं गं. पण खरं सांगायचं तर गाडीच्या कप्प्यात आय-९४ ची (देशात आल्याच्या नोंदीची) प्रिंट आणि एच-१बी या कामाच्या व्हिसाच्या अप्रूव्हलची झेरॉक्स होतीच, बायकोने कधीतरी ठेवलेली. ते काही मी आईला बोललो नाही.

त्याच दिवशी आमच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, 'न्यू जर्सी सँक्च्युअरी स्टेट आहे, इथे आइसला एन्ट्री नाही, निर्धास्त राहा.' (आइस म्हणजे केंद्राचं इमिग्रेशनची धरपकड करणारं खातं, आणि सँक्च्युअरी म्हणजे त्या धरपकडीत हात न देणारं राज्य.) खाली पंधरा हात जोडलेले. मग एका काकांनी लिहिलं की आपण सगळे लीगल, आपल्याला काय करायचंय. त्याला पण पंधरा हात जोडलेले, त्यातले बरेचसे तेच लोक!

दोन्ही चूक आहे. आणि गेले दोन-तीन महिने मी हेच वाचत बसलोय (ग्रीन कार्डच्या रांगेतली आपली तारीख, प्रायॉरिटी डेट, हलत नाही तेव्हा माणूस काहीही वाचतो) म्हणून म्हटलं एकदाचं लिहून टाकावं.

आधी काकांचं बघू. अमेरिकेत १९५२ पासून कायदा आहे की १८ वर्षांवरच्या प्रत्येक परदेशी माणसाने आपली नोंदणीची कागदपत्रं (आय-९४ सारखी) कायम जवळ बाळगायची. ग्रीन कार्डवाल्याने पण. इतकी वर्षं कोणी विचारलं नाही म्हणून आपण विसरलो एवढंच. थोडक्यात आई कायदा न वाचता बरोबर होती. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये लॉस एंजलिसच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने खालच्या कोर्टाची बंदी थांबवली, त्यामुळे तिकडे माणूस दिसतो कसा, बोलतो कसा, काम काय करतो असल्या गोष्टी धरून अडवायला आइसला परत मोकळीक मिळाली. आता मी दिसतो कसा? फेब्रुवारी २०२५ ला लष्करी विमानातून १०४ भारतीय बेड्या घालून अमृतसरला उतरवले, त्यात ३ महाराष्ट्रातले होते. ते लीगल नव्हते, मान्य. पण 'आपल्यातलं कोणी नसतं त्यात' हे जे आपण इथे सत्यनारायणाच्या प्रसादाला उभं राहून बोलतो ना, ते तरी बंद करूया.

आता सँक्च्युअरी. न्यू जर्सीमध्ये जे आहे त्याला इमिग्रंट ट्रस्ट डायरेक्टिव्ह म्हणतात, म्हणजे राज्यातल्या पोलिसांना दिलेला आदेश. नोव्हेंबर २०१८ ला तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल (म्हणजे राज्याचे सर्वोच्च कायदा अधिकारी) गुरबीर ग्रेवाल यांनी काढलं (पगडी घालणारे शीख, राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलपदी बसलेले देशातले पहिले). त्यात असं कुठेही नाही की आइसने इथे यायचं नाही. असूच शकत नाही, इमिग्रेशन हा केंद्राचा विषय, राज्य कोण अडवणारं. त्यात फक्त इतकंच आहे की आमचे पोलीस तुमचं काम करणार नाहीत. नुसत्या इमिग्रेशन स्टेटसच्या संशयावरून कोणाला थांबवायचं नाही, धाडीत सामील व्हायचं नाही, काउंटी (म्हणजे आपला जिल्हा) जेलमधला माणूस आइसने नुसती विनंती केली म्हणून जास्तीचा डांबून ठेवायचा नाही.

मात्र याला अपवाद आहेत आणि ते कोणी फॉरवर्ड करत नाही. माणसावर गंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, किंवा जजने काढलेली हद्दपारीची अंतिम ऑर्डर असेल, तर जेलने आइसला कळवायला हरकत नाही, आणि माणसाला धरून पण ठेवता येतं, कधीपर्यंत तर त्याच दिवशी रात्री ११ वाजून ५९ मिनिटांपर्यंत. आइस मागतं ४८ तास. न्यू जर्सी म्हणते, आज मध्यरात्रीच्या आत आलात तर तुमचा, नाहीतर गेला घरी. मला हा आकडा वाचून हसूच आलं. इतका मोठा झगडा, केंद्र विरुद्ध राज्य, चॅनेलवर आरडाओरडा, आणि शेवटी कागदावर उरतं काय तर एक मिनिट कमी बारा.

शाळेत इतिहासाच्या पेपरला 'फरक स्पष्ट करा' यायचं, असहकार आणि सविनय कायदेभंग. मी दोन्हीकडे एकच उत्तर लिहून यायचो. आता चाळिशीत नीट कळलं. राज्यं करतायत तो असहकार आहे, कायदेभंग नाही. कार्य तुमचं, खर्च तुमचा, मांडव तुमचा, फक्त वाढपी म्हणून आमची माणसं फुकट नेऊ नका. बास. आइस आलं, वॉरंट दाखवलं आणि माणूस नेला तर एडिसनचा पोलीस मधे पडणार नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात एडिसनच्या वेअरहाऊसवर धाडी पडल्याच की, डायरेक्टिव्ह असताना.

हा असहकाराचा हक्क आला कुठून याची गोष्ट मला तर भन्नाट वाटली. १९९३ च्या बंदूक कायद्यात केंद्राने सांगितलं की बंदूक घेणाऱ्याची पार्श्वभूमी स्थानिक पोलीस अधिकाऱ्याने तपासायची. मोंटानातला एक शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, जे प्रिंट्झ, म्हणाला मी नाही करणार, मी तुमचा नोकर नाही. १९९७ ला सुप्रीम कोर्टात तो ५-४ ने जिंकला आणि निकाल लिहिला जस्टिस स्कालिया यांनी, म्हणजे एकदम कट्टर उजवे. मग २०१८ ला आमच्या न्यू जर्सीनेच स्पोर्ट्स बेटिंगची केस जिंकली, मुद्दा तोच की केंद्र राज्याच्या विधिमंडळाला हुकूम सोडू शकत नाही. आणि पुढे ओशन आणि केप मे या दोन काउंटी ट्रस्ट डायरेक्टिव्हच्या विरोधात कोर्टात गेल्या (राज्याच्या दक्षिणेला हवा वेगळी आहे बरं का) तेव्हा २०२१ ला थर्ड सर्किटने (सुप्रीम कोर्टाच्या खालोखालचं केंद्रीय अपील कोर्ट) त्यांना हरवलं ते या बेटिंगच्या निकालाच्या जोरावर. निकाल लिहिणारे जज हार्डिमन तर ट्रम्प यांच्या सुप्रीम कोर्टाच्या शॉर्टलिस्टमध्ये होते. बंदूकवाला शेरीफ आणि सट्टेबाज यांच्या पुण्याईवर आमच्याकडे बर्फ उपसणारा ग्वाटेमालाचा माणूस (त्याचं पुढे सांगतो) उभा आहे, अशी ही सगळी गंमत.

त्याच्याही मागे जायचं तर १८४२. गुलामगिरीतून पळून उत्तरेत आलेल्यांना पकडून परत द्यायचा केंद्राचा कायदा होता. सुप्रीम कोर्ट म्हणालं की कायदा वैध आहे, पण तो राबवायची सक्ती राज्यांच्या अधिकाऱ्यांवर करता येणार नाही. लगेच १८४३ ला मॅसॅच्युसेट्सने आपली जेलं आणि आपले अधिकारी या कामाला वापरायला बंदी घातली. म्हणजे आजचंच, शब्दशः. पण मला खरं थांबवलं ते पुढच्या गोष्टीने. राज्यं मदत करेनात म्हणून १८५० ला केंद्राने नवीन कायदा आणला आणि स्वतःचे कमिशनर नेमले, माणूस मालकाकडे परत पाठवला तर कमिशनरला १० डॉलर फी, सोडून दिला तर ५! असहकार चालतो तो समोरच्याकडे स्वतःचे हात कमी असतील तोवरच. हात विकत घेता येतात.

आणि २०२५ मध्ये तेच झालं. ट्रम्प यांनी ४ जुलैला सही केलेल्या त्या जाडजूड बिलात फक्त डिटेन्शनसाठी, म्हणजे माणसं डांबून ठेवायला, सुमारे ४५ अब्ज डॉलर, वर आइसच्या भरती आणि कारवाईसाठी सुमारे ३० अब्ज. इतका पैसा असेल तर एडिसनच्या पोलिसांची गरज कोणाला आहे? मिनेसोटात जानेवारी २०२६ ला जे झालं ते सगळ्यांनी पाहिलंच. मिनियापोलिसच्या अख्ख्या पोलीस दलापेक्षा कितीतरी जास्त केंद्राचे एजंट तिथे उतरवले, तीन आठवड्यांच्या आत दोन अमेरिकन नागरिक गोळ्या लागून गेले, आणि पहिल्याच गोळीबारानंतर राज्याच्या तपास यंत्रणेला तपासातून बाहेर काढलं. राज्य कोर्टात गेलं की ही कारवाई थांबवा, जजने थांबवली नाही. असहकाराला तिथे काही अर्थच उरला नाही कारण सहकार मिळो न मिळो, कारवाई चाललीच होती.

राज्य जिंकतं कधी, तर केंद्र राज्याच्याच वस्तूला हात घालतं तेव्हा. इलिनॉयच्या नॅशनल गार्डला, म्हणजे राज्याच्या राखीव फौजेला, ट्रम्प राज्याच्या मर्जीविरुद्ध शिकागोत उतरवायला निघाले तेव्हा २३ डिसेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सुद्धा नाही म्हटलं. आणि हरतं कधी, तर स्वतःच्या घरातून बाहेर येऊन केंद्राच्या आड उभं राहायला जातं तेव्हा. न्यू जर्सीने २०२१ ला कायदा केला की इमिग्रेशन डिटेन्शनसाठी खाजगी तुरुंग चालणार नाहीत. जुलै २०२५ ला त्याच थर्ड सर्किटने २-१ ने सांगितलं की एलिझाबेथच्या तुरुंगाला हा कायदा लागू करता येणार नाही, केंद्र कोणाशी कंत्राट करतं त्यात तुम्ही कोण. तोवर नेवार्कला डेलानी हॉल हा असलाच खाजगी तुरुंग सुरू पण झालेला, १००० खाटांचा. मे महिन्यात नेवार्कचे मेयर रास बराका त्याच्या गेटवर गेले तर त्यांनाच अटक झाली, मग काही दिवसांत केस मागे घेतली. मेयरला गेटबाहेर अटक होते तिथे तुमच्या-माझ्या फॉरवर्डची काय कथा.

आता समोरच्या बाजूचा एक मुद्दा आहे, तो मला पटत नाही पण उडवून पण लावता येत नाही. आइसवाले म्हणतात, जेलमध्ये माणूस ताब्यात दिला असता तर आम्हाला गल्लीत यावं लागलं नसतं, आणि गल्लीत आलो की शेजारचे चार पण सापडतात. यात तथ्य आहे. पण जेलनी डांबून ठेवायचं का बंद केलं हे पण बघा ना. पेनसिल्व्हेनियात एका काउंटीने २००८ मध्ये आइसच्या विनंतीवरून एका माणसाला जामीन झाल्यावरही तीन दिवस आत ठेवला. तो निघाला अमेरिकन नागरिक, जन्म आमच्या न्यू जर्सीतला! २०१४ ला कोर्ट म्हणालं, आइसचा तो कागद म्हणजे नुसती विनंती, हुकूम नव्हे, ठेवला तुम्ही, तर जबाबदार तुम्ही. म्हणजे भरपाईचं लोढणं काउंटीच्या गळ्यात. तत्त्व वगैरे ठीक आहे हो, पण बऱ्याच शेरीफना सँक्च्युअरी पटली ती वकिलाचं बिल बघून असं मला वाटतं.

आमच्या कॉम्प्लेक्समध्ये बर्फ उपसायला एक माणूस येतो. नाव नाही लिहीत. या हिवाळ्यात त्याच्या व्हॅनची काच फोडून सगळी हत्यारं नेली, स्नो ब्लोअरसकट. मी माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हटलं पोलिसांना फोन कर, इथले पोलीस कागद विचारत नाहीत, तसा नियमच आहे. अगदी डायरेक्टिव्हचं नाव सांगितलं, मोठ्या उत्साहात. तो ऐकून घेतो, मान डोलावतो, आणि म्हणतो, पोलीस नाही विचारणार सेन्योर, पण पोलिसाची गाडी उभी दिसली की मागून अजून कोण येईल? माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याने फोन केला नाही. नवीन फावडं घेऊन दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला हजर, कारण रात्री परत चार इंच पडलेला.

आणि हे डायरेक्टिव्ह तरी तेव्हा काय होतं, अ‍ॅटर्नी जनरलच्या सहीचा कागद. दुसरा अ‍ॅटर्नी जनरल आला असता आणि त्याने फिरवला असता तर फिरला असता. म्हणून विधिमंडळाने त्याचा पक्का कायदा करायचं बिल पास केलं, आणि जानेवारी २०२६ ला तेव्हाचे गव्हर्नर मर्फी यांनी जाता जाता त्यावर सहीच केली नाही. एक बिल सही केलं, हे ठेवून दिलं. कारण सांगितलं की जुनं डायरेक्टिव्ह कोर्टात टिकलंय, शब्द बदलून नवा कायदा केला की नव्याने खटला. मला आधी राग आला, आठ वर्षं गोड बोलून शेवटच्या दिवशी असं? मग वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात तसं काहीसं असेल. अजूनही माझं ठरत नाहीये. बर्फवाल्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता काय फरक पडतो, आणि काकांना विचारलं तर ते पण तेच म्हणाले असते, वेगळ्या कारणाने.

मे मध्ये आई येतेय, सहा महिने. काल तिला व्हिडिओ कॉलवर सांगितलं की आलीस की पहिलं काम तुझ्या आय-९४ ची प्रिंट काढायची आणि ती कायम जवळ ठेवायची, देवळात जाताना पण, बागेत जाताना पण. मला वाटलं घाबरेल. ती म्हणाली, "केवढा कागद असतो रे?" मी म्हटलं, साधा ए-फोर सारखा, दुमडता येईल. "मग बटव्यात मावेल की," म्हणाली, "सुपारीच्या खाली ठेवीन," आणि विचारायला लागली की तिकडे लवंग महाग आहे का, इकडून आणू का.